दोन खेपांच्या मधे डिशवॉशरला वास का येतो आणि तो घालवायचा कसा

मशीनमधून काढलेली भांडी लख्ख असतात, वास नावालाही नसतो. मग रात्रीची ताटं-वाट्या आत लागतात, सकाळची चहाची भांडी त्यात भर घालतात, आणि दुपारी अजून एक पातेलं ठेवायला दार उघडलं की नाकात भपकारा जातो. मशीन लावलं की वास गेला, दुसऱ्या दिवशी परत हजर. आमच्या नात्यागोत्यात आणि कॉलनीत ज्यांच्याकडे डिशवॉशर आहे, त्यांची सगळ्यात जास्त तक्रार ही आहे. होळी झाली की ती सुरू होते आणि पाऊस स्थिरावेपर्यंत चालते.

बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. वास मशीन चालू असताना तयार होत नाही, थांबलेलं असताना होतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आमरसाची वाटी ओट्यावर उघडी राहिली तर ती किती वेळात आंबते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तीच वाटी ओट्याखालच्या बंद, ओलसर, अंधाऱ्या पेटीत बारा-पंधरा तास ठेवली तर दुसरं काय होणार?

याचा पुरावा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दर वर्षी मिळतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, पुरण, रस, कुरडया, सांजोऱ्या, घर भरलेलं असतं आणि मशीन दिवसातून दोनदा भरून चालतं. त्या दिवसांत खरकटं कितीतरी जास्त, तरी वास येत नाही. पाहुणे गेले, घरात दोघं-तिघं उरले, मशीन भरायला दीड-दोन दिवस लागायला लागले की वास येतो. म्हणून सुगंधी टॅबलेट, रॅकला अडकवायची लिंबाच्या वासाची डबी, अर्धं लिंबू आत टाकणं, यावर पैसे आणि लिंबं वाया घालवू नका. वासावर वास चढतो, खालचा जात नाही.

आधी वास कसला ते ओळखा

धुळ्याची आमची मावशी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच विचारते, "कसाना वास शे हाऊ?" सुरुवात इथूनच करायची. सगळे वास एक नसतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते.

खवट, जुन्या तेलाच्या पिंपासारखा वास असेल तर तो फिल्टरमधला. कुबट, ओल्या फडक्याचा असेल तर दाराच्या रबरातला किंवा दाराच्या खालच्या कडेचा. आंबूस किंवा हिवस वास आत लावलेल्या भांड्यांचाच, म्हणजे दुधाचं पातेलं, रसाच्या वाट्या, अंड्याची बशी, मासे. गटारीचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर मशीन सोडून ड्रेन पाइपकडे वळा. जळका वास निराळाच, त्याचं शेवटी सांगते.

नाकाचा भरवसा वाटत नसेल तर वेळ बघा. मशीन संपल्या-संपल्या, भांडी अजून गरम असतानाच वास असेल, तर घाण फिल्टरमध्ये किंवा पंख्यात, म्हणजे पाणी फवारणाऱ्या फिरत्या दांड्यात, आहे. धुतल्यावर काही नाही आणि रात्रभर खरकटी भांडी आत राहिल्यावर आला, तर भांड्यांचा. मशीन पूर्ण रिकामं असताना, दोन दिवस काहीच न लावता आला, तर पाइपाचा. या तीनमधलं आपलं कोणतं, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

फिल्टर : आपल्या जेवणाचा सगळा हिशोब इथे असतो

मशीनच्या तळाला, खालच्या पंख्याखाली, एक गोल नळकांडं असतं. डावीकडे फिरवलं की सुटतं. त्याच्याभोवती बारीक जाळीचा पत्रा असतो, तोही उचलला जातो. चहाची गाळणी आपण प्रत्येक चहानंतर आपटून धुतो. ही तीच गाळणी आहे, फक्त ती दिसत नाही म्हणून महिनोन्‌महिने कुणी काढत नाही.

आपल्या जेवणात गाळणी भरेल असं खूप असतं. शेवभाजीची तर्री, काळ्या मसाल्याचा गाळ, पातोडीच्या रश्शातलं बेसन, फोडणीची मोहरी, कढीपत्त्याच्या शिरा, ठेच्यातल्या मिरचीच्या बिया, शेंगदाण्याची सालपटं. आणि भरीत. हिवाळ्यात भरिताचे दिवस सुरू झाले की फिल्टर बाहेर काढून उजेडात धरून बघा. जाळीच्या आतल्या बाजूला भाजलेल्या सालाचे काळे कण तेलात चिकटून बसलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये वांग्याच्या चपट्या, पिवळसर बिया जाळीच्या भोकांत उभ्या रुतलेल्या. नळाच्या धारेने त्या निघत नाहीत. जुना मऊ टूथब्रश, गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन बाहेरून आत ब्रश फिरवला तर निघतात. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते.

खवटपणा येतो तो तेलामुळे. आपल्याकडे शेंगदाणा तेल सढळ हाताने पडतं. तेलाचा पातळ थर हवेत उघडा राहिला की त्यावर प्राणवायूची क्रिया होऊन ते खवट होतं, आणि उष्णतेत ही क्रिया झपाट्याने होते. डब्यातलं तेल महिनोन्‌महिने टिकतं, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग थोडा असतो. जाळीवर पसरलेलं तेल मात्र सगळंच्या सगळं हवेला उघडं असतं. त्यात रोज इको कार्यक्रम लावला तर पाणी साधारण ५० अंशांच्या आसपासच तापतं. भांड्यांवरचं तेल त्याने निघतं, पण फिल्टरवर आणि तळाच्या कोनाड्यात ते पुन्हा बसतं. म्हणून इको रोज लावा, हरकत नाही, पण आठवड्यातून एकदा, शेवभाजी किंवा मटणाच्या दिवशी, ६५-७० अंशांचा इंटेन्सिव्ह लावा. काही मशीनवर त्याच्या नावातच कढई हा शब्द असतो.

उन्हाळ्यात फिल्टर आठवड्यातून दोनदा, एरवी एकदा. परत बसवताना नळकांडं फिरवून पक्कं बसलंय ना ते बघा. सैल राहिलं तर बिया खालून थेट पंपाकडे जातात आणि दुखणं वाढतं.

फिल्टर काढल्यावर तळाच्या खड्ड्यात थोडं पाणी दिसेल. त्याला घाबरू नका. ते थोडं पाणी तिथे राहावं अशीच रचना असते, त्याने पंपाचं सील कोरडं पडत नाही. "मशीनमध्ये पाणी साचतं" म्हणून मेकॅनिक बोलावणारी घरं मला माहीत आहेत, आणि तो नुसतं बघून भेटीचे पैसे घेऊन जातो. पाणी जाळीच्या वर, टबच्या तळावर पसरलेलं असेल तरच काळजीचं.

पंखेही बघा. खालचा पंखा बहुतेक मशीनमध्ये वर ओढला की निघतो, वरच्याला पेच किंवा खटका असतो. काढून कानाशी हलवा. खुळखुळ वाजलं तर आत मोहरी-बिया अडकल्या आहेत. भोकं दातकोरण्याने मोकळी करा आणि नळाखाली उलटं धरून धुवा. भोकं बुजली की पाणी काही कोपऱ्यांत पोचत नाही आणि तिथली घाण दर खेपेला थोडी-थोडी वाढत जाते.

दाराची खालची कड

ही जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दार पूर्ण उघडून खाली पाडलं की त्याची खालची कड आणि टबची समोरची पट्टी यांच्यामध्ये एक सांद दिसते. पंख्याचं पाणी तिथे पोचतच नाही. वरून ओघळलेली डाळ आणि तेल तिथे साठतं, काळपट-बुळबुळीत थर धरतं. कुबट वासाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं, आणि घरातले मात्र आतला टब घासत बसतात. ओलं फडकं बोटावर गुंडाळून ती सांद पुसा, मग दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलगडून आतून पुसा. चमच्यांच्या टोपलीचा तळही उलटा करून बघा.

थांबायच्या वेळेचं काय करायचं

आता मुख्य गोष्ट. मशीन दीड दिवसाने भरणार असेल तर मधल्या वेळात खरकटं कसं ठेवायचं?

ताटं नळाखाली धुऊन लावू नका. पाणी दोनदा जातं, आणि डिशवॉशरच्या पावडरीतली विकरं (एन्झाइम) स्टार्च आणि प्रथिनांवर काम करायलाच घातलेली असतात. पण निपटून मात्र घ्या. आपली जुनी माणसं ताटाचा शेवटचा रस्सा भाकरीच्या तुकड्याने पुसून खातात, ताट जवळजवळ कोरडं होतं. तेवढं झालं तरी पुरे. नसेल तर रबरी उलथन्याने किंवा कागदाने तर्री पुसून घ्या. वाटीत बोटभर तेल ठेवून ती आत लावणं हेच वासाचं सगळ्यात मोठं कारण आहे.

दूध, दही, आमरस, अंडी, मासे यांना मात्र वेगळा न्याय लावा. ही भांडी एकदा विसळूनच आत ठेवा, मग शास्त्र काहीही सांगो. उन्हाळ्यात ती सहा तासही थांबत नाहीत.

मशीनवर प्री-रिन्स किंवा नुसतं रिन्स असा छोटा कार्यक्रम असतो. पावडर न टाकता, गार पाण्याने, दहा-पंधरा मिनिटांत होतो आणि साधारण तीन-चार लिटर पाणी घेतो. रात्रीची भांडी लावल्यावर तो एकदा लावला तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वास धरत नाही. पूर्ण खेपेला नऊ-बारा लिटर लागतात, त्या मानाने हे काहीच नाही. नळाला पाणी दिवसाआड येणाऱ्या घरांत हे तीन लिटरही जड वाटतात, ते मी समजू शकते. तिथे माझं मत स्पष्ट आहे: मशीन भरायची वाट बघू नका, हाफ लोड असेल तर तो लावा, नसेल तर कढई-कुकरही आत घालून रोज रात्री एकदा चालवून टाका. कुकर आत घालताना झाकणाची रिंग आणि शिटी वेगळी काढा, रिंगेखाली डाळ अडकून तीही वास मारते. ॲल्युमिनियमचा कुकर मशीनमध्ये काळा पडतो, तो हातानेच घासा. भरिताची लाकडी बडगी आणि मांड्यांचं मातीचं खापर आत घालू नका, हे तर सांगायलाच नको.

दार कधीच घट्ट लावून ठेवू नका. खरकटी भांडी आत असताना चार बोटं उघडं, धुतल्यावरही चार बोटं उघडं. धुतल्याबरोबर पहिली वाफ ओट्याच्या लॅमिनेटवर बसू द्यायची नसेल तर दार एकदा पूर्ण उघडून वाफ जाऊ द्या, मग किलकिलं ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर आत पावडर किंवा चाकू-सुऱ्या राहू देऊ नका, एवढं मात्र पाळा.

लाइटचं पण बघावं लागतं. मशीन अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि पाच-दहा मिनिटांत आली तर बहुतेक मशीन सोडलं तिथून पुढे चालू होतं. दोन-तीन तास गेली तर आतलं कोमट, घाणेरडं पाणी तसंच साचून राहतं. अशा वेळी लाइट आल्यावर पुढे चालू देण्याऐवजी कार्यक्रम रद्द करून पाणी काढून टाका आणि पहिल्यापासून लावा. तुमच्या भागात लाइट ठरावीक वेळी जात असेल तर ती वेळ टाळा. पण त्यासाठी सहा-सहा तासांचा डिले लावून भांडी आत बंद करून ठेवू नका, तसं केलं तर वासाला हवा तोच वेळ तुम्ही देता.

गटारीचा वास असेल तर

आपल्याकडे मशीन बसवताना ड्रेन पाइप दोन ठिकाणी सोडतात. एक तर ओट्याखाली सिंकच्या पाइपात, नाही तर वॉश एरियातल्या नहाणी ट्रॅपमध्ये नुसता खुपसून. दोन्हीत घोटाळा होतो.

सिंकच्या पाइपाला जोडलेला असेल आणि मशीनचा पाइप जमिनीवरून सरळ गेलेला असेल, तर सिंकमध्ये ओतलेलं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये शिरू शकतं. हे तपासायला घरातलीच युक्ती आहे. मशीन रिकामं करा, फिल्टर काढून बाजूला ठेवा, नाही तर त्याचं प्लॅस्टिक पिवळं होईल. सिंकच्या तोंडाला बूच लावून पाणी भरा, त्यात चमचाभर हळद घाला, आणि बूच एकदम काढा. मशीनच्या तळाच्या पाण्यात पिवळेपणा दिसला तर पाणी उलटं येतंय. उपाय सोपा आहे: पाइप आधी ओट्याच्या खालच्या अंगाला, शक्य तितका उंच नेऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा आणि तिथून खाली सिंकच्या पाइपाकडे उतरवायचा. तो उंच वळसा असला की पाणी परत चढत नाही. किती उंचीपर्यंत चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्या वर नेऊ नका, पंपाला झेपत नाही.

नहाणीत खुपसलेला असेल तर पाइपाचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडलेलं नसावं. बुडालं तर ट्रॅपमधलं घाण पाणी पाइपातून उलटं मशीनकडे ओढलं जाऊ शकतं. टोक पाण्याच्या वर ठेवा आणि पाइपाभोवतीची फट रबरी बुचाने बंद करा. प्लंबरदादाला "पाइप नुसता सोडू नका, बूच लावून द्या" असं तोंडाने सांगावं लागतं. न सांगता तो लावत नाही.

मे महिन्यात गावाला जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परत आलात आणि घर गटारीच्या वासाने भरलेलं असलं, तर मशीनला दोष देऊ नका. ट्रॅपमध्ये जे पाणी वास अडवून धरतं, ते आपल्या उन्हात सुकून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता, मग मशीन रिकामं एकदा चालवा.

बोअरचं पाणी

जळगावला नळाला वाघूरचं पाणी, भुसावळला तापीचं, पण कॉलन्यांमध्ये वरच्या टाकीत नळाचं कमी पडलं की बोअरचं सोडतात. ते पाणी जड, म्हणजे कठीण असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, तोच थर मशीनच्या टबवर आणि हीटरवरही धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि भांड्यांवरची चरबी मिळून करडा, चिकट लेप तयार होतो, आणि त्या खरखरीत लेपाखाली वास टिकून राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची हवीशी मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. यावरून पाण्यापाण्यात किती फरक पडतो ते लक्षात येईल.

मशीनसोबत कठीणपणा तपासायची कागदी पट्टी येते. ती बोअरचं पाणी टाकीत असेल त्या दिवशी वापरा आणि पाणी मऊ करायचं सेटिंग त्या जड पाण्याप्रमाणे ठेवा. मशीन पाणी मऊ करतं ते मिठाच्या मदतीने. मिठाचा दिवा लागला की मीठ भरा. ते डिशवॉशरचंच जाड मीठ हवं. घरातलं बारीक मीठ गोठून बसतं आणि त्यात इतर मिश्रणं असतात.

लेप काढायला महिन्यातून एकदा मशीन रिकामं करून, फिल्टर धुऊन परत बसवून, तळात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व टाका आणि पावडर न घालता सगळ्यात गरम कार्यक्रम लावा. किराण्याच्या दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून सुटं मिळतं. व्हिनेगर एखाद्या वेळी चालेल, दर आठवड्याला नको, रबर खराब होतं. लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा एकत्र टाकू नका, फेस छान येतो पण दोघं एकमेकांना निकामी करतात.

फरशी पुसायचं ब्लीच मात्र मशीनमध्ये अजिबात घालू नका. स्टीलच्या टबला ते खातं, आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरसोबत आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात हे जिवावर बेतू शकतं. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, कारण बाटल्या त्यांच्याही हाताला लागतात.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

जळका वास आला तर आधी बटण बंद करा आणि मशीन गार होऊ द्या. कधी-कधी प्लॅस्टिकचं झाकण नाही तर चमचा खालच्या उघड्या हीटरवर पडून वितळलेला असतो, तो दिसतो. दिसला नाही तर मशीन पुन्हा लावू नका, वायरिंगचं काम असू शकतं. अगदी नव्या मशीनला पहिल्या काही खेपांना गरम डांबरासारखा वास येतो, तो पत्र्यावरच्या आवाज दाबणाऱ्या थराचा असतो आणि आपोआप जातो.

दर खेपेनंतर टबच्या तळावर पाणी उरत असेल तर बोलावण्याआधी एकदा प्लग काढून, स्पंजाने पाणी टिपून, फिल्टरखालचं पंपाचं झाकण उघडून बघा. नारळाचा तुकडा, काचेचा कपचा, दातकोरणं, काहीही निघतं. काच असू शकते, म्हणून हातमोजा घालूनच हात घाला. तिथे काही सापडलं नाही आणि पाणी तरीही उरतंय, तर मग फोन करा. फोनवर "वास येतो" एवढंच सांगू नका. वास कसला, धुतल्यावर लगेच येतो की रात्रभर थांबल्यावर, ड्रेन पाइप सिंकला आहे की नहाणीत, पाणी नळाचं की बोअरचं, हे सगळं सांगा. म्हणजे तो पंप उघडायच्या आधी पाइप बघेल.